दुर्बिणीआधी काठी

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, रविवार १८ जानेवारी २०२६ रोजी साताऱ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि सोबत एक सूचनाही दिली आहे, "कंपनीबद्दल बोलू नकोस, कुणाला काही कळत नाही." सूचना मान्य. पुण्यात सोमवार ते शुक्रवार मी सॉफ्टवेअर लिहिते, त्याबद्दल एवढंच. मी बोलणार आहे शनिवार-रविवारच्या कामाबद्दल. गेली नऊ वर्षं आम्ही काही हौशी आकाशनिरीक्षक मिळून शाळेतल्या शिक्षकांसाठी खगोलशास्त्राची शिबिरं घेतो. सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांत, बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये.

आज सकाळच्या बैठकीत एक ठराव आला. जमलेल्या निधीतून शाळेला एक चांगली दुर्बीण भेट द्यायची. टाळ्या पडल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला नाही, म्हणून जेवताना तिघा-चौघांनी मला गाठलं. त्यांना जे सांगितलं तेच इथे सगळ्यांना सांगते. दुर्बीण जरूर घेऊ, पण वर्षभरानं घेऊ. आधी तो पैसा आणि आपला थोडा वेळ शिक्षकांवर खर्च करू.

यामागचं कारण मी कपाटांमध्ये पाहिलं आहे. शिबिराच्या निमित्तानं ज्या शाळांत गेले, त्यांतल्या काही शाळांत दुर्बीण होती. कुणी माजी विद्यार्थ्यानं दिलेली, कुठे एखाद्या योजनेतून आलेली. बहुतेक ठिकाणी ती प्रयोगशाळेच्या कपाटात, किल्ली मुख्याध्यापकांकडे. एका ठिकाणी भिंगावर पावसाळ्यातली बुरशी चढली होती. एका ठिकाणी तिपाई कवायतीच्या सामानात गेली होती. यात कुणाचा आळस नव्हता. दुर्बीण रात्री लागते आणि शाळा दिवसा भरते. बाईंना शेवटची एसटी पकडायची असते. आणि महागाची वस्तू मुलांच्या हातात देऊन ती मोडली तर भरपाई कोण करणार, ही भीती असतेच. शिवाय दुर्बिणीतून चंद्र दाखवला की मुलं प्रश्न विचारतात. खरी धास्ती त्या प्रश्नांची असते.

शिबिराच्या पहिल्या सकाळी आम्ही एकच प्रश्न कागदावर लिहून घेतो. चंद्राच्या कला का होतात? नावं लिहायची नाहीत. बऱ्याच कागदांवर एकच उत्तर येतं, पृथ्वीची सावली पडते म्हणून. हे कला शिकवणारे, डी.एड., बी.एड. झालेले, मनापासून शिकवणारे लोक आहेत. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती चंद्रग्रहणात, आणि तीही फक्त पौर्णिमेला. अष्टमीचा अर्धा चंद्र सावलीमुळे अर्धा नसतो. सूर्यानं उजळलेल्या अर्ध्या चंद्राची निम्मीच बाजू त्या दिवशी आपल्याकडे असते.

उत्तर चुकलं म्हणून शिक्षक ओशाळतात. तेव्हा मी त्यांना 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' या १९८७ च्या माहितीपटाबद्दल सांगते. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात पदवीधर, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू आणि चंद्रकलांबद्दल विचारलं. त्यातल्या २१ जणांना नीट सांगता आलं नाही. हार्वर्डमध्ये ही गत, मग माण-खटावमधल्या शिक्षकानं खाली मान का घालायची?

दोष बराचसा आकृतीचा आहे. पुस्तकातली आकृती पृथ्वीच्या बाहेर, उंच कुठेतरी उभं राहून काढलेली असते. आपण असतो जमिनीवर. त्या दोन जागांमधला जिना पुस्तकात नसतो. पृथ्वीची कक्षाही कागदावर तिरक्या कोनातून दाखवतात, त्यामुळे ती चांगली चपटी दिसते आणि मुलं अर्थ लावतात की पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा. खरी कक्षा जवळजवळ गोल आहे. सर्वांत जवळ असताना सूर्य सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असतो, सर्वांत लांब असताना १५.२ कोटी. आणि सर्वांत जवळ आपण कधी होतो? याच महिन्याच्या ३ तारखेला. आत्ता तुम्ही शाली गुंडाळून बसला आहात, हाच पुरावा. ऋतू होतात ते पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे.

हे सगळं एका तासात फळ्यावर सांगता येतं. मग शिबिर दोन दिवस कशाला? कारण सांगितलेलं टिकत नाही. सुरुवातीच्या काळात एका शाळेत आमच्या गटानं सुंदर स्लाइडशो केला होता. सहा महिन्यांनी त्याच शिक्षकांना तोच प्रश्न विचारला आणि उत्तर आलं, पृथ्वीची सावली. ऐकलेलं उत्तर लहानपणापासून मनात बसलेल्या उत्तराला हलवू शकत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं, हातानं मोजलेलं हलवतं. म्हणून आता आमचं शिबिर काठीपासून सुरू होतं.

एक मीटरची सरळ काठी. गवंड्याचा ओळंबा लावून ती मैदानात उभी करायची. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत या उभ्या काठीला शंकू म्हणतात. सकाळी दहापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची. आधी मी विचारते, सावली सर्वांत लहान कधी होईल? सगळे एका सुरात म्हणतात, बारा वाजता. बारा वाजतात आणि सावली अजून लहान होतच असते. मग घड्याळं पुढे आहेत का मागे यावर वाद सुरू होतो. मोबाइल तपासले जातात. साताऱ्यात आज ती वेळ होती १२ वाजून ४४ मिनिटांच्या सुमारास, आणि सावली होती पाऊण मीटरहून थोडी जास्त.

कारण सांगायची घाई आम्ही करत नाही. नकाशा पुढे ठेवतो. भारताचं घड्याळ लागतं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर. सातारा ७४ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. साडेआठ अंशांची झाली ३४ मिनिटं. भूगोलाच्या पेपरात हे गणित सगळ्यांनी सोडवलेलं असतं, पण मैदानातल्या सावलीशी त्याचा संबंध त्या दिवशी लागतो. वरची दहा मिनिटं कुठून आली हे कुणीतरी विचारतंच. पृथ्वीचा कललेला आस आणि कक्षेत कमी-जास्त होणारा वेग, यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होत राहतो. एका काठीनं दुपारपर्यंत शिक्षकांना रेखांश, प्रमाणवेळ आणि दक्षिणोत्तर रेषा या तीन गोष्टी दिलेल्या असतात. खर्च सुतळीचा आणि खडूचा.

दुसरं साधन शाळेच्या कपाटातच असतं, पृथ्वीचा गोल. तो स्टँडवरून काढायचा आणि उन्हात एका तांब्यावर ठेवायचा. सातारा बरोबर माथ्यावर आला पाहिजे आणि उत्तर ध्रुव उत्तरेकडे. आता त्या गोलावर जिथे ऊन पडलंय तिथे खऱ्या पृथ्वीवर आत्ता दिवस आहे. जिथे सावली आहे तिथे रात्र. साताऱ्यावर मेणानं एक टाचणी उभी करा. तिची सावली मैदानातल्या काठीच्या सावलीच्याच दिशेला पडते. जानेवारीत गोल किती फिरला तरी उत्तर ध्रुव अंधारातच राहतो आणि अंटार्क्टिका उन्हात. वीस-पंचवीस वर्षं भूगोल शिकवलेले गुरुजी हे बघताना जमिनीवर बसतात आणि मुलांसारखे वाकून बघतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्राथमिक खगोलशास्त्राच्या शिक्षणावर संशोधन झालं आहे. प्रतिकृती, हातांच्या आणि शरीराच्या हालचाली आणि मग आकृती, अशा पायऱ्यांनी मुलांना कसं नेता येईल यावर तिथे काम झालं. आकृती शेवटी यावी हे आम्हाला मैदानावर पटलं.

आता चंद्र. शिबिराच्या आधी महिनाभर आम्ही शिक्षकांना एक काम देतो. रोज एकदा चंद्र शोधा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: किती वाजता, कुठल्या दिशेला, कोणत्या आकाराचा. पहिल्या आठवड्यात तक्रार येते, "मॅडम, चंद्र दिसतच नाही." मग कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकतं, सकाळी साडेसातला परिपाठ चालू असताना शाळेच्या पश्चिमेकडच्या झाडांवर फिकट चंद्र. कृष्ण पक्षात तो सकाळी असतोच. शुक्ल सप्तमी-अष्टमीला दुपारी चार वाजता पूर्वेच्या आकाशात असतो, मुलं तेव्हा मैदानातच असतात. अशा वेळी एक लिंबू काठीला टोचून चंद्राच्या दिशेनं उन्हात धरायचं. लिंबाचा जेवढा भाग उजळलेला दिसतो, तेवढाच चंद्राचा दिसतो. कलांची आकृती यापेक्षा सोपी मला माहीत नाही, आणि इथे पृथ्वीची सावली मध्ये येऊच शकत नाही, कारण सूर्य आणि चंद्र दोघंही समोर दिसत असतात.

या विषयात आपल्या शिक्षिकांकडे एक ठेवा आहे आणि तो त्यांना कुणी सांगितलेला नसतो. एका शिबिरात मी विचारलं, पौर्णिमेनंतर चंद्र रोज किती उशिरा उगवतो? शांतता. मग मी विचारलं, संकष्टी कोण करतं? निम्मे हात वर. चंद्रोदय किती वाजता असतो? "नऊच्या मागेपुढे," चारजणी एकदम म्हणाल्या. पौर्णिमेला किती वाजता? "दिवेलागणीला." मग तीन-चार दिवसांत किती फरक पडला? मागच्या बाकावरच्या एका बाईंनी बोटांवर मोजून सांगितलं, "रोज पाऊण तासाच्या वर." खरी सरासरी सुमारे ५० मिनिटं आहे. त्या बाई कितीतरी वर्षं उपास सोडताना चंद्र पाहत होत्या. आपण निरीक्षण करतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी चंद्राचा तास त्यांनीच घेतला, आणि आमच्यापेक्षा चांगला घेतला.

शेतकरी घरातल्या गुरुजींचंही तसंच. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं हे त्यांना सांगावं लागत नाही. पण चौथीतल्या एका मुलानं त्यांच्यातल्या एकांना विचारलं होतं, "गुरुजी, मृग लागला तर रात्री दिसत का नाही?" तो प्रश्न गुरुजींनी दोन वर्षं सांभाळून ठेवला होता आणि शिबिरात आम्हाला विचारला. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. म्हणून जूनमध्ये ते नक्षत्र सूर्याबरोबर उगवतं, सूर्याबरोबर मावळतं आणि दिवसभर उन्हात लपलेलं असतं. सूर्य तिथून पुढे सरकत गेला की हिवाळ्यात तेच मृग संध्याकाळपासून आकाशात. आज रात्री नऊला आग्नेयेकडे बघा, बरंच वर दिसेल. "अमावास्येला स्नेहमेळावा कशाला ठेवलाय" असं कुणीतरी ग्रुपवर विचारलं होतं. तारे बघायला यापेक्षा चांगली रात्र नाही, हे त्याचं उत्तर.

शिक्षकांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. "मला माहीत नाही, आपण बघू" हे वाक्य वर्गात म्हणायला शिका. आमच्या धंद्यात हे वाक्य रोज लागतं. प्रोग्राम चुकीचं उत्तर देतो तेव्हा कुणीही पाठांतरातून कारण सांगत नाही. आधी काय घडतंय ते नीट बघतात, मग एकेक शक्यता तपासतात. शिक्षकाला मात्र वाटतं की उत्तर आलं नाही तर आपला मान जाईल. मी उलट पाहिलं आहे. गुरुजी स्वतः काठीच्या सावलीजवळ बसून "थांब रे, मोजू" म्हणाले की मुलं त्यांना सोडत नाहीत.

काही प्रश्न अवघड असतात, कारण ते घरातून येतात. चार दिवसांपूर्वी संक्रांत झाली. घरी म्हणतात, आजपासून उत्तरायण. भूगोलात लिहिलंय, २१-२२ डिसेंबर. पोरं विचारतात, खरं काय? शिक्षकानं घरच्यांना खोटं पाडायचं नाही आणि पुस्तकालाही नाही. सूर्य उत्तरेकडे सरकायला लागतो तो डिसेंबरातच, काठीची सावली तसं दाखवते. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. या दोन्ही गोष्टी सुमारे १७०० वर्षांपूर्वी एकत्र येत होत्या. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा संथ डुलतो, त्यामुळे साधारण ७२ वर्षांत एक दिवस असा फरक पडत त्या लांब गेल्या. तिळगूळ गोडच राहतो आणि मुलाला कळतं की आकाशही जागेवर थांबलेलं नाही.

पण तिळगुळासारखं प्रत्येक वेळी सोपं नसतं. २६ डिसेंबर २०१९ ला, गुरुवारी सकाळी, केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती सूर्यग्रहण होतं आणि आपल्याकडे मोठं खंडग्रास. आमच्या गटानं पुठ्ठ्याच्या पेट्या आणि गाळण्या घेऊन एका शाळेला कळवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा वर्गांची दारं बंद, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली आणि मुलं आत बसलेली. एका पालकाचा निरोप आला होता म्हणे. तिथल्या शिक्षकांना मी दोष देत नाही. ग्रहण सुरक्षितपणे कसं दाखवायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. डोळ्यांची जबाबदारी अंगावर येते तेव्हा न शिकलेला माणूस दार बंद करणारच. बाहेर आंब्याखाली जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या, पानांमधल्या फटींतून उतरलेली सूर्याची चित्रं. दाराच्या दहा पावलांवर. एकाही मुलानं त्या पाहिल्या नाहीत.

आता तुम्हाला एक तारीख सांगते, लिहून ठेवा. २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी स्पेन, मोरोक्कोपासून इजिप्त, सौदी अरेबियापर्यंत खग्रास सूर्यग्रहण आहे आणि आपल्याकडे खंडग्रास. दुपारनंतर, शाळा सुटायच्या सुमाराला. वार सोमवार, म्हणजे शाळेचा दिवस. साताऱ्यासाठी त्या तारखेची आणखी एक गंमत आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या गावांत सूर्य वर्षातून दोन वेळा भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. साताऱ्यात हे दिवस १० मेच्या आसपास आणि २-३ ऑगस्टला येतात. मे महिन्यात सुट्टी असते. पण त्या सोमवारी १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास काठीची सावली जाईल आणि काही तासांनी सूर्याचा एक भाग. दोन्ही एकाच दिवशी, शाळेच्या वेळेत, आपल्याच मैदानावर.

त्या दिवशी आपल्या शाळेची दारं उघडी असतील की बंद? दुर्बीण दिली तर दारं उघडी राहतील, याची मला खात्री वाटत नाही. उलट, योग्य फिल्टर न लावलेल्या दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिलं तर क्षणात डोळा जातो. तयार शिक्षक असतील तर काय पुरतं? बुंदीचा झारा. तो उन्हात धरा, भोकाभोकातून जमिनीवर तेवढे सूर्य उतरतात, ग्रहणात प्रत्येक सूर्य कोर होतो. मुलांची पाठ सूर्याकडे, नजर जमिनीकडे, डोळ्यांना धोका नाही. सूर्याकडे बघायचंच तर प्रमाणित ग्रहण-चष्मा. काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म, नेहमीचा गॉगल यांतलं काहीही चालत नाही. हे पालकांच्या सभेत ठामपणे सांगणारा शिक्षक हवा.

इथे कुणी म्हणेल, आपल्याला कुठे असं प्रशिक्षण झालेले शिक्षक होते? आपले भूगोलाचे सर समोर बसले आहेत. सर, आठवीत तुम्ही आम्हाला वहीत यवतेश्वराच्या डोंगराची रेघ काढायला लावली होती आणि दर शनिवारी सूर्य कुठे मावळला तिथे टिंब. वर्षाच्या शेवटी ती टिंबं डोंगरभर पसरलेली होती. दोन टोकांमधलं अंतर जवळपास ५० अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या पाच मुठी. मार्च १९९६ मध्ये दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर फाटकाशी उभं राहून तुम्हीच सांगितलंत की आकाशात हयाकुताके धूमकेतू आहे, आता तरी पुस्तकातून डोकं वर काढा. तुम्हाला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, तुमची ती आवड होती. पण सर, तुम्ही निवृत्त झालात आणि डोंगराची रेघ शाळेतून गेली. एखाद्या शाळेला आवड असलेला माणूस मिळणं हे नशीब. ते नशीब सगळ्या शाळांना मिळावं म्हणून प्रशिक्षण लागतं.

२००९ हे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष होतं. गॅलिलिओनं आकाशाकडे दुर्बीण रोखली त्याला ४०० वर्षं झाली म्हणून. त्या निमित्तानं ज्या मोठ्या योजना झाल्या, त्यांत गॅलिलिओच्या नावानं एक होती शिक्षकांच्या प्रशिक्षणाची. दुर्बिणीच्या वाढदिवशीही जगाला आधी शिक्षक आठवला. आपल्याकडे साधनांची वाण नाही. पुण्यात आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, टाकाऊ वस्तूंतून करायचे प्रयोग आहेत, फोनवर आकाशाचे नकाशे फुकट मिळतात. तो फोनही आम्ही शिबिरात शेवटच्या दिवशीच काढायला देतो. आधी आकाश, मग त्याचा नकाशा.

आणि एकदा शिबिर घेऊन सोडून देण्यातही अर्थ नाही. महिन्यानं परत जावं लागतं. शिक्षकांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी लागते. कोल्हापूर आणि जळगाव जवळपास एकाच रेखांशावर आहेत. तिथल्या दोन शिक्षकांनी ठरवून एकाच दिवशी आपापल्या मध्यान्हीची सावली मोजली. कोनांमधला फरक सव्वाचार अंशांच्या आसपास यायला हवा, नकाशावरचं दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४८० किलोमीटर. त्यावरून मुलांनी पृथ्वीचा परीघ काढला, ३८ हजार किलोमीटर. खरा ४० हजार. पाच टक्के चुकले! काठी आणि पट्टी घेऊन, सातवीतल्या मुलांनी. त्यातल्या एका शिक्षकांनी मला फोन केला तेव्हा त्यांना बोलताच येत नव्हतं. नोकरीतल्या कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पुस्तकातला आकडा तपासून पाहिला होता.

तेव्हा माझा ठराव असा. येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर आपल्या शाळेत दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं. आपले शिक्षक आणि आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांतले, मिळून तीस. केंद्रप्रमुखांशी बोलून त्यांना हजेरीची सवलत मिळवायची. शिबिर दिवसा, म्हणजे शिक्षिकांना एसटी मिळेल. मैदानात सिमेंटच्या चौथऱ्यावर एक कायमचा शंकू उभा करायचा. दर महिन्याला आपल्यापैकी कुणीतरी यायचं, साताऱ्यात राहणारे तुम्ही बाराजण आहातच. जून २०२७ मध्ये ग्रहणाची तयारी आणि पालकांची सभा. वर्षभर वही ठेवलेले दोन शिक्षक पुढे आले की मग दुर्बीण, आणि तिच्या कपाटाची किल्ली त्या दोघांकडे.

२ ऑगस्टला साताऱ्यात पाऊस असणार, ढग असणार, हे मलाही माहीत आहे. कदाचित सूर्य दिसणारही नाही. पण वर्षभर सावली मोजलेल्या मुलांना ढगामागे काय चाललंय हे कळेल, आणि एका मिनिटाची उघडीप मिळाली तर झारा घेऊन कुठे धावायचं तेही. त्यांच्या शिक्षकांना ते आधी कळायला हवं.

संध्याकाळी ठराव मतास येईल. माझं मत मी सांगितलं. तुमच्यापैकी जे स्वतः शिक्षक आहेत, त्यांनी आपलं मत सगळ्यात आधी द्यावं.